वृद्धाश्रमातील सेवा

पुंडलिकाने विटेवर थांबविले ते देवाला, आईबापांना नव्हे. सेवा म्हणजे नुसते पोट भरणे असते, तर त्याने त्या दोघांचे झटपट आटोपून देवाकडे धाव घेतली असती! वृद्धाश्रमात मात्र पुष्कळदा उलटे दिसते. घड्याळ पुढे, म्हातारा मागे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यास निदान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम सांगितला आहे. निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार धरले आहेत. उत्तमच. पण जन्मभर पहाटे स्नान करून गंध लावणाऱ्याला दुपारी नळाखाली बसवायचे, ते कोणाच्या सोयीसाठी? थरथरत्या हाताने कोणी सदऱ्याची गुंडी लावीत असेल तर लावू द्यावी. वेळ लागतो, लागो. एकादशीचे धोके डॉक्टरांनी जरूर सांगावेत. धरायची की सोडायची हे ज्याचे त्याने ठरवावे. (आमचे काही टाळकरी यावर रागावतील. रागावोत.) दार वाजविल्याशिवाय खोलीत शिरू नये.

ज्यांची स्मृतीच गेली, त्यांना काय विचारायचे, असे कोणी म्हणेल. अहो, त्यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे जातो ना? ते त्यांचे बोलणेच आहे. ती माळ धुण्यापुरतीसुद्धा न विचारता काढू नये.