पोटरीचं काम

संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकचा वळ उमटलेला दिसतो. काहींचा वळ पाच मिनिटांत जातो, काहींचा जेवणं होईपर्यंत टिकतो. नडगीवर अंगठा जरा दाबून उचलला, तर कधी कधी तिथे खळगा राहतो आणि सावकाश भरतो. ‘आज फार उभं राहणं झालं’ असं म्हणून आपण दिवा मालवतो. रात्रभर पाय आडवे असतात, साचलेलं वर निघून जातं. सकाळी पाय हलके. त्यामुळे ही तक्रार सकाळी कुणाला आठवत नाही, आणि डॉक्टरांकडे जायचं मात्र बहुधा सकाळीच ठरतं.

रक्त फिरण्याचं सगळं श्रेय आपण हृदयाला देतो. त्यात चूक काही नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदयसुद्धा मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलत असतं. पण तळपायापर्यंत उतरलेलं रक्त वर आणायचं म्हणजे वाट चढाची. केसाहून बारीक वाहिन्यांतून जाता जाता हृदयाने दिलेला जोर जवळजवळ संपलेला असतो. एका जागी निश्चल उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरांमधला दाब पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटरपर्यंत चढतो. तोच माणूस चालू लागला की थोड्याच पावलांत हा दाब 30 च्या आसपास, कधी त्याच्याही खाली येतो. ही किमया हृदयाची नाही. ती पोटरीची.

टाच उचलली की पोटरी आवळते. तिच्या आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर चढतं. टाच टेकली की पोटरी सैल पडते. आता रक्त खाली यायला हवं, पण येत नाही. शिरांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर झडपा आहेत, त्या मिटतात. आडातून पाणी शेंदताना एक हात दोर ओढतो आणि दुसरा ओढलेला दोर सुटू देत नाही, तसंच हे. धरणारा हात ढिला पडला तर ओढणाऱ्याचे श्रम वाया. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगून वेड्यावाकड्या निळ्या दिसू लागतात. पाय जड होतात, रात्री पेटके येतात. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट तपकिरी पडते, खाजते, आणि एखादा साधा ओरखडा महिनोन् महिने भरत नाही.

या झडपा पादुआच्या फॅब्रिशियसने दाखवल्या होत्या. रक्त खाली फार वेगाने उतरू नये म्हणून त्या असाव्यात, असं त्याला वाटलं. त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने 1628 च्या ग्रंथात त्यांचा खरा अर्थ लावला: या झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, जाऊ देतात. त्यासाठी त्याने मुख्यतः दंडाला पट्टी बांधलेला एक हात आणि दोन बोटं वापरली. घरातल्या एखाद्या वयस्क हातावर हे आजही बघता येतं. हात खाली सोडला की मागच्या बाजूच्या शिरा भरून वर येतात. त्यातल्या एका शिरेवर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून ठेवायचं, आणि दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाकडे रक्त सारत न्यायचं. मधे एखादी गाठ लागते, ती झडप. ती ओलांडून दुसरं बोट उचलायचं. गाठीच्या पलीकडे शीर भरलेली, अलीकडे सपाट. दाबलेलं बोट काढलं की रिकामी जागा खालून झरकन भरते. नातवंडांना दाखवावं. आजीच्या हातावरच्या ज्या शिरांना हात लावायला ती बिचकतात, त्यांच्यात एवढी शिस्त आहे हे त्यांना कळेल.

चालणाऱ्याचं एक वेळ निभतं, बसणाऱ्याचं थोडं कमी. खरी परीक्षा असते ती उभं राहूनही न हलणाऱ्याची. साडीच्या दुकानातली विक्रेती, केशकर्तनालयातला कारागीर, चौकातला वाहतूक पोलीस, फळ्यापाशी चार तास घेणारे मास्तर. केरळमध्ये दुकानांतल्या बायका दिवसभर उभ्या असत आणि कामाच्या वेळात बसायला मनाई असे. त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. 2018 साली तिथे कायदा बदलला आणि विक्रेत्यांच्या बसण्याची सोय करणं दुकानदाराला बंधनकारक झालं. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तसाच बदल केला. बसण्यासाठी कायदा करावा लागतो, हे वाचून मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो. बसायला मिळेपर्यंत उभ्या उभ्याही काही करता येतं: टाचा उचलायच्या, टेकायच्या, दहा-वीस वेळा. गिऱ्हाईक साडीचा पदर बघत असतं, त्याला कळतही नाही. घरी आल्यावर पाय छातीपेक्षा जरा उंच ठेवून पडावं. पाय चोळणारी यंत्रं आणि चुंबकाची कडी यांवर मात्र माझा फारसा विश्वास नाही.

पायांचं दुसरंही एक दुखणं आहे, आणि ते याच्या उलट आहे. तिथे वर येणं अडत नाही, खाली जाणंच अडतं. धमन्या आतून अरुंद होतात. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत कळ येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत जिरते. नडगीवरचे केस जातात, कातडी चकचकीत दिसते, अंगठा गार पडतो. शिरांच्या दुखण्यात पाय वर घेतल्याने बरं वाटतं. इथे रात्री पाय पलंगाखाली सोडल्यावर आराम पडतो. म्हणून दुकानातून घट्ट मोजे आणून स्वतःच घालू नयेत. धमनीच अडलेली असेल तर ते घात करतात. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून डॉक्टर दोघांची तुलना करतात. घोट्याचा आकडा दंडाच्या नऊ दशांशाहून कमी भरला, तर शंका बळावते. मधुमेह असलेल्यांनी गार पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नयेत; भाजल्याचं त्यांना कळतच नाही. बिडी, सिगारेट, तंबाखू यांनी तरण्याताठ्यांचीही बोटं काळी पडतात, आणि तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय बाकीचे उपाय फारसे चालत नाहीत. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, किंवा पाय एकाएकी पांढराफटक, थंडगार पडला, तर तिथे चिंतन नको. रिक्षा बोलवावी.

हे दुसरं दुखणं लपतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. कळ येते तिथे माणूस थांबतो, पण दुखतंय असं म्हणत नाही. वाचनालयाच्या फलकावरचा पेपर वाचतो. ओळखीच्या दुकानदाराला भाव विचारतो. पुढे पुढे तो तिथपर्यंतही जात नाही. ‘आता वय झालं’ एवढं म्हणून तो आपलं गाव लहान करत आणतो. आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग गल्लीचं टोक. कळ येईल इतकं तो चालतच नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं, पाय बरे आहेत.

तपासणी झाली आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की त्यावरचं मोठं औषध पुन्हा चालणंच आहे. कळ चांगली जाणवेपर्यंत चालायचं, थांबायचं, जिरली की निघायचं. थांबे धरून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, असं तीन महिने. बरोबर कुणी असेल तर त्याने फलकावरचा पेपर आपणही वाचावा, घाई करू नये. पहिल्या आठवड्यात थांबा दूधकेंद्रापाशी येतो. तो एकदा पोस्टाच्या पेटीपर्यंत सरकला, की माणूस आपणहून विचारतो, उद्या बाजाराकडून जाऊ या का?