वेगळा पेला



विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो आपल्या काही उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागत तेथे आले. त्यांनी आनंदाकडून पाणी मागविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. नंतर संघाला बोलावून त्यांनी समजाविले की, येथे तुमची शुश्रूषा करायला आईबाप नाहीत, तेव्हा ती तुम्हीच एकमेकांची केली पाहिजे.

आईबाप नसलेली अशी मुले आज आपल्या वस्त्यांतही आहेत. एचआयव्हीने आईबाप नेले, आजी सांभाळते. काहींच्या रक्तात तो विषाणू जन्मापासून आहे. अशा मुलासाठी एखाद्या घरी वेगळा पेला ठेवला जातो. बंधूंनो, वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला हवे काय? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याची ओंजळ उचलली ती कशासाठी? ज्यांच्या वाडवडिलांना वरून पाणी वाढले गेले, त्यांच्याच घरात लेकराचा पेला वेगळा असेल, तर दीक्षा अंगावर आली, मनात उतरली नाही.

धम्म कारण शोधायला शिकवतो. हा विषाणू स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकत्र खेळल्याने किंवा डास चावल्याने पसरत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्त व सुईतून आणि आईकडून बाळाला जातो. उपचार न मिळाल्यास अशा शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईला व बाळाला वेळेवर औषध मिळाले तर हे प्रमाण ५ च्या खाली येते. मग "पूर्वजन्मीचे पाप" कुठे राहिले? जे गोळीने टळते, ते पाप नव्हे. बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा सिद्धांत नाकारला तो याचसाठी, की त्याने दुःखिताच्याच माथी दोष बसतो.

२००४ सालापासून सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. ती रोज, न चुकता घेतली तर रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा होतो. मूल शिकते, मोठे होते, संसारही करू शकते. पण औषधात वारंवार खंड पडला तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. खरा घात होतो तो तेरा-चौदाव्या वर्षी. मुलगी विचारते, "मीच का रोज गोळी घ्यायची?" घरचे म्हणतात, "ताकदीची आहे." एक दिवस तिला बाहेरून कळते आणि रागाने ती गोळी सोडते. म्हणून शाळेच्या वयातच, समजेल तसे, थोडे थोडे, जवळ बसवून खरे सांगा. केंद्रातील समुपदेशक त्याला मदत करतात. मुसावादा वेरमणी हे शील लेकराशी बोलतानाही पाळायचे असते.

मात्र दुसऱ्याच्या लेकराचा आजार गावभर सांगणे हे सत्यकथन नव्हे, ती चहाडी आहे. सम्यक वाचेत चहाडीलाही मनाई आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही संमतीवाचून कोणाची अवस्था उघड करण्यास बंदी केली आहे. शाळेला या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, प्रवेशासाठी तपासणीही मागता येत नाही.

तेव्हा उपासक-उपासिकांनो, करुणा ही वंदनेपुरती ठेवू नका. थकलेल्या आजीबरोबर महिन्याच्या औषधाला कोणी तरी जावे. बालसंगोपन योजनेचा अर्ज कोणी तरी भरून द्यावा. मुलाच्या शाळेची फी, वह्या, दोन वेळचे अंडे-डाळ यांची वाटणी चार घरांनी करावी. आणि पौर्णिमेला विहारात खीर वाटताना ते लेकरू सर्वांच्या पंगतीत, सर्वांसारख्याच वाटीने जेवावे.

नमो बुद्धाय! जयभीम!