सारखे भाडे, सारखा भार?

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे भाडे १९०४ ते १९४८ पर्यंत ५ सेंट होते. जानेवारी २०२६ पासून ते ३ डॉलर आहे. बँकेचा अधिकारी आणि किमान वेतनावर राबणारा झाडूवाला, दोघांना तिकीट सारखेच. ह्याला आपण समता म्हणतो. परंतु तेथील किमान वेतन ताशी १७ डॉलर. जाण्या-येण्याचे ६ डॉलर म्हणजे झाडूवाल्याची एकवीस मिनिटांची मेहनत. अधिकाऱ्याला तो खर्च जाणवतही नाही. वाटपातील न्याय प्रमाणात असतो, असे ॲरिस्टॉटल शिकवतो. अतिशय गरीब रहिवाशांसाठी शहराने २०१९ मध्ये निम्म्या भाड्याची योजना सुरू केली, तिला आपण दया म्हणू नये. तो न्यायच आहे. ‘सर्वांना सारखेच’ असे म्हणण्यापूर्वी, ते कोणाला किती जड जाते, हे आपण विचारू या.