ज्या शास्त्राचे जे काम



कीर्तनाच्या गादीवरून हल्ली एक नवी भाषा ऐकू येते. गंधाने मेंदूचा अमुक भाग शांत होतो, टाळीने रक्तदाब उतरतो, अणूचा शोध संतांना आधीच लागला होता. शिकलेली मुले परमार्थाकडे वळावीत, एवढाच तरुण महाराज मंडळींचा हेतू असतो आणि तो चांगलाच आहे. परंतु परंपरा काळाशी जोडायची ती अशीच का, याचा विचार व्हायला हवा.

पूर्वपक्ष असा, की आजच्या माणसाला विज्ञानाची भाषा पटते, मग तिचा आधार घेतला तर बिघडले कुठे? रक्तदाबासाठी हरिनाम घ्यायचे म्हटले, तर उद्या गोळीचा गुण अधिक आला की नाम सुटले. शिवाय ज्या मुलाने पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आहे, त्याला गादीवरचा अणू खोटा असल्याचे लगेच कळते. मग अणूबरोबर तो अभंगही खोटा धरतो. हे नुकसान मोठे आहे.

आपल्याकडे प्रमाणांची व्यवस्था लावलेली आहे. रूप डोळ्याला कळते, शब्द कानाला. कानाला रंग दिसत नाही म्हणून कान कमी ठरत नाही. तसेच ज्या शास्त्राचा जो विषय, तिथे त्याचे ऐकावे. प्रत्यक्षाच्या विरुद्ध श्रुतीचेही प्रामाण्य आचार्यांनी गीताभाष्यात मानलेले नाही.

संप्रदायाने हे आचरून दाखवले आहे. शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीतले अशुद्ध पाठ शोधून ग्रंथ शुद्ध केला. विद्यापीठात आज ज्याला पाठचिकित्सा म्हणतात, ते काम त्यांनी माउलींवरच्या निष्ठेपोटी केले. अलीकडच्या काळात सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते, तत्त्वज्ञान शिकवत होते आणि जोग महाराजांचे शिष्य म्हणून कीर्तनही करीत होते.

कधी कधी शास्त्र आपल्याच घरातले, आपल्याला न दिसलेले दाखवते. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक इरावती कर्वे वारीत चालल्या. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी वारीचा आनंद लिहिला, तशाच जातीप्रमाणे वेगळ्या होणाऱ्या पंगतीही लिहिल्या. समतेचे अभंग गाणाऱ्याला ते टोचलेच पाहिजे. आपल्या खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास केलेल्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. त्यांची विद्या विठ्ठलाच्या दारी अशी कामी आली.

दृष्टांत आमच्या मेहरूणच्या बोरांचा घ्या. गावठी बोरीवर चांगल्या बोरीचा डोळा भरतात. मूळ जमिनीतले तेच राहते आणि फळ मोठे, गोड येते. मात्र डोळा जिवंत सालीशी एकजीव व्हावा लागतो. दोऱ्याने फांदीला बांधलेले बोर दोन दिवस शोभते आणि सुकून जाते.

म्हणून वारीतल्या उन्हातान्हाचे डॉक्टरांना विचारावे, शक-सनांचे इतिहासकाराला. देवाला कशासाठी आळवायचे आणि शेजाऱ्याशी कसे वागायचे, हे संतांना विचारावे. जे आपल्याला ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे गादीवरून सांगावे. त्याने गादीचा मान जात नाही.