कोमट फेस

अण्णांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांची दाढी मी करतो. डिसेंबरात फेस बघता बघता गार पडतो. गार ब्रश गालाला लागला की ते डोळे घट्ट मिटून घेतात. म्हणून पितळी वाटी कढत पाण्याच्या पातेल्यात ठेवतो, ब्रशही आधी त्यातच भिजवतो आणि फेस आपल्या मनगटाला लावून बघतो. ऊन पाण्याने केस मऊ होतात, पातं ओढत नाही.

देवघरातून आई हाक मारते, "अरे, पूजा खोळंबलीय!" पूर्वी अपराधी वाटायचं. मग श्रावण वद्य द्वादशीला, सेना महाराजांच्या पुण्यतिथीला, त्यांची कथा पुन्हा ऐकली. सेना न्हावी पूजेत गुंतले, तेव्हा विठ्ठल त्यांचं रूप घेऊन, धोकटी उचलून राजाकडे गेला. कीर्तनकार इथे भक्तीचा महिमा सांगतात. मी मात्र विठ्ठलाच्या हातांकडे बघत राहतो. त्याने राजाला दर्शन देऊन वाटेला लावलं नाही, बसून हजामत केली. मग त्या सकाळी पूजा कुठे चालली होती, सेनांच्या देवघरात की राजाच्या गालावर?

अण्णांच्या हनुवटीखाली खुंट राहिलेत. पातेल्यातलं पाणी बदलून आणतो.