केसभर

घरात फिरकीचा तांब्या असेल तर तो घेऊन या. माळ्यावर असेल, जुन्या भांड्यांच्या पोत्यात असेल. नसेलच, तर आट्यांचं झाकण असलेली कुठलीही पितळेची वस्तू चालेल. पुसू नका. चिंच, पितांबरी सगळं नंतर.

मांडीवर घ्या आणि दोन्ही तळवे त्याच्या पोटाला लावा. पितळ आधी गार लागतं, मग हळूहळू हाताच्याच उबेचं होतं. तेवढा वेळ दुसरं काही करू नका.

आता बुडाजवळ पाहा. नाव असेल. माझ्यापुढचा तांब्या आत्याचा, नाशिकच्या भांडी बाजारातून घेतलेला. छिन्नीच्या टोकाने ठिपक्याला ठिपका लावून तिचं नाव घातलंय. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही, म्हणून ते जरा वर चढलंय. नाव माहेरचं आहे. सासरी नेलेल्या तांब्यावर माहेरचं नाव कसं, हे तिला कुणी विचारलं नाही. मी तरी विचारायला हवं होतं. गोदावरीला पूर आला की त्या बाजारात पाणी शिरतं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते पाहायचं आणि माल वरच्या फळ्यांवर चढवायचा, ही तिथल्या दुकानांची जुनी रीत. नाव घालून घेताना आत्या कुठल्या दुकानाच्या पायरीवर बसली असेल, याचा विचार मी ठिपक्यांवरून बोट फिरवताना करतो. तुमच्या भांड्यावर कुणाचं नाव आहे? बोट फिरवा.

मग झाकण. दोनच बोटांनी धरा आणि फिरवून पाहा. जोर लावायचा नाही.

फिरत नाही ना? बरं झालं. आपल्याला इथेच थांबायचं होतं.

हात लगेच पक्कड शोधायला निघतो, त्याला तांब्यावरच राहू द्या. झाकण जाम आहे एवढंच आपल्याला कळलंय. का जाम आहे, ते अजून कळलेलं नाही. मध्ये मळ साचला असेल. कधीतरी आपटून काठ चेपला असेल. किंवा दोन्ही भाग मुळातच इतके नेमके बसवलेले असतील की त्यांच्यात केसभरही जागा नसेल. बाहेरून तिन्ही सारखेच वाटतात.

पितळेच्या या गच्चपणाचा सगळ्यात बारीक विचार करणारी माणसं भांड्यांच्या धंद्यातली नव्हेत. ती आहेत काडतुसं पुन्हा भरणारे नेमबाज. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतुसं भरता येत नाहीत, त्यामुळे हा उद्योग आपल्या गल्लीत दिसत नाही. अमेरिकेत मात्र लोक गॅरेजमध्ये बसून तो करतात. गोळी सुटल्यावर मागे राहते ती पितळेची पुंगळी: सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. तिच्या बुडाला मधोमध एक गोल खळगा असतो. मोठ्या रायफलीच्या काडतुसात तो साधारण ५.३ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान. त्यात टोपी बसते. दिवाळीत पिस्तुलात टिकली घालायचो, तिचीच ही थोरली बहीण: घोडा आपटला की ठिणगी आत जाते आणि दारू पेटते. टोपी खळग्यापेक्षा मुद्दामच किंचित मोठी केलेली असते, केसभर. ना डाक, ना आटे. ती नुसत्या घट्टपणावर टिकते.

लष्करी पुंगळी घेतली की नवी टोपी आत जाईना, अशी पंचाईत होते. कारण साधं आहे. भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीत टोपी मागे निसटू नये म्हणून कारखान्यात तिच्याभोवतीचं पितळ दाबून आत वळवलेलं असतं. जुनी टोपी निघते, पण तो आत वळलेला ओठ तसाच राहतो. टोपी गेली, तिला धरणारी मूठ अजून मिटलेली.

या मुठीपाशी जरा थांबा. घाई झालेला माणूस इथे जोर वाढवतो. टोपी दाबाला आणि धक्क्याला पेटणारी वस्तू आहे, तेव्हा हा जोर बोटांवर किंवा डोळ्यावर बेतू शकतो. जाणता माणूस पुंगळी उजेडाकडे धरून खळग्यात पाहतो. तळाला काजळी असेल तर खरवडून काढतो, कारण काजळीच्या थरामुळेही टोपी पुरती आत उतरत नाही. ओठ असेल तर दोन वाटा. एक, धारदार हत्याराने ओठ कापून टाकायचा. दुसरी, गुळगुळीत दांडा दाबून वळलेलं पितळ जिथून आलं तिथे परत लोटायचं. मला दुसरी आवडते. कापणाऱ्याचा हात जरासा जास्त चालला तर खळगा सैल होतो, आणि सैल खळग्याची पुंगळी भंगारातच जाते. कापलेलं पितळ कुणालाही परत चिकटवता येत नाही.

आपल्या खडकीच्या, १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या जुन्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरं आणि साल ठोकलेलं दिसतं. नाव आणि साल, बुडावरच, आत्याच्या तांब्यासारखं. खडकीच्या जुन्या ३०३ रायफलीच्या काडतुसांत बर्डन पद्धतीची टोपी असे. त्या पद्धतीत ठिणगीला एका मोठ्या भोकाऐवजी दोन बारीक भोकं असतात, त्यामुळे मधोमध सुई घालून जुनी टोपी मागून ढकलताच येत नाही. गंमत अशी की ही पद्धत काढणारा बर्डन अमेरिकन, आणि एका भोकाची काढणारा बॉक्सर इंग्रज. पण बर्डनची टोपी युरोपात रुजली आणि बॉक्सरची अमेरिकेत.

परत तांब्याकडे या. त्याच्या पोटावर हलकेच टिचकी मारा आणि आवाज विरेपर्यंत ऐका.

पितळ ठोकलं की कडक होतं. हे नाशिकच्या तांबट आळीत कुणाला शिकवावं लागत नाही. पत्रा ऐरणीवर धरून ठोकत राहिलं की थोड्या वेळाने तो हातोड्याला उलटं उत्तर देऊ लागतो, आवाज बदलतो, आणि तरी ठोकत राहिलं तर काठाला चीर जाते. मग तो भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवायचा. पत्रा पुन्हा नरम, पुन्हा ठोकायला तयार. शेवटी मठारताना मात्र कडकपणाच हवा असतो, म्हणून शेवटच्या ठोक्यांनंतर भट्टी नाही. पुंगळीचंही असंच आहे. तिची मान दर वेळी फुगते आणि आवळली जाते, म्हणून मान अधूनमधून तापवून नरम करतात. बुडाला मात्र ती आच लागू द्यायची नाही. बूड नरम झालं तर गोळी सुटताना खळगा पसरेल आणि तप्त वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येईल. एकाच बोटभर वस्तूत वरचा भाग नरम हवा आणि खालचा कडक. कुठे आच द्यायची आणि कुठे नाही, एवढंच त्यातलं कसब.

आता जरा पावसाचा विचार करा. नाशिकचा नको, त्याच्या बाजूचा, इगतपुरीचा, भिंतींना ओल आणणारा. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात असं दिसू लागलं की पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या माना आपोआप तडकतात. कुणी हात लावलेला नाही, कुणी आपटलेली नाहीत. पावसाळ्याशी जोडलेलं म्हणून या तडकण्याला इंग्रजीत ऋतूचंच नाव पडलं. उलगडा झाला १९२१ साली, मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांच्या अभ्यासातून. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि तिसरं म्हणजे पितळेच्या आत आधीपासून दडलेला ताण, पुंगळी घडवताना आणि गोळीभोवती आवळताना राहून गेलेला. हे तिन्ही जमले की तडा. कारखान्यातच पुंगळीला बेताची ऊब दिली, तर कडकपणा न घालवता तो ताण उतरतो.

घडवताना पोटात राहिलेला ताण, आणि वर्षांनी कुठल्यातरी ओलसर रात्री पडलेला तडा. आपला तांब्या अजून धड आहे. तो फिरवून पाहा, गळ्याला कुठे बारीक रेष आहे का.

माझ्या तांब्याच्या काठावर, आट्यांच्या तोंडाशी, हिरवा कळंक दिसतोय. म्हणजे बहुधा मळच. चिंचेचा कोळ ब्रशने त्या फटीत लावून ठेवलाय, आणि झाकणाभोवती, फक्त झाकणाभोवती, गळ्याला नाही, गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलंय. साठ मिलिमीटरचं पितळी झाकण पन्नास अंशांनी तापलं तर साधारण सहा शतांश मिलिमीटर पसरतं. तेही केसभरच.

तुम्हीही तेवढं करा. फडक्यावर हात ठेवा, ऊब गळ्यापर्यंत उतरायच्या आत दोन बोटांनी एकदा फिरवून पाहा. फिरलं तर फिरलं, नाहीतर सोडून द्या.

फडकं गार झालं असेल. पुन्हा भिजवून आणा.