चांदीतले तांबे

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव शुद्ध चांदीसाठी ‘रजतनगरी’ म्हणून ख्यात आहे. परंतु लग्नाची अंगठी निव्वळ शुद्ध चांदीची घडवली, तर मऊपणामुळे ती लवकर वाकते. म्हणून ९२५ भाग चांदीत बहुधा ७५ भाग तांबे मिसळण्याची रीत जगभर आहे.

मग जोडीदाराकडून तरी निर्भेळ निर्दोषता का मागावी? एकमेकांच्या उणिवा सांभाळूनच संसार टिकतो. मात्र तांबे वाढतच गेले, तर तिला चांदी म्हणता येत नाही. मारहाण मुकाट्याने सोसणे ही निष्ठा नव्हे.

सोन्यासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या पालकांनो, विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने; अंगठी ही त्या वचनाची खूण. चांदीच्या अंगठीवरही आशीर्वाद तोच उच्चारला जातो.